परक्याच्या पैशाला आपले खाते



विद्यापीठातील सहजीवन व मोबाइलवरील फसवणूक हा विषय मंडळाने मजकडे सोपविला, तेव्हा एक सभासद हसून म्हणाले, "गुरुजी, मोबाइलचे ज्ञान मुलांना तुम्ही काय देणार?" आक्षेप रास्त आहे. परंतु लबाड मनुष्य यंत्राहून आपली भीड, हौस व लाज यांवर अधिक विसंबून असतो, आणि या तिहींचा परिचय वर्गात पस्तीस वर्षे काढलेल्यास थोडाफार असतोच.

पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन घालावा लागत नाही, हे येथील प्रत्येक मुलास ठाऊक असेल. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कायद्यात नाही, हेही पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरून सांगितले. त्याविषयी अधिक बोलत नाही.

मला भय वाटते ते मैत्रीच्या वाटेने येणाऱ्या संकटाचे. मुलगा पुण्यास शिकावयास जातो. घरून येणारी रक्कम बेताची असते. मेसमध्ये ओळख झालेला एखादा मित्र म्हणतो, "तुझ्या खात्यावर माझे काही पैसे येतील, ते काढून दे, दोन हजार तुला ठेव." नाही म्हणणे जड जाते. तो पैसा बहुधा कोणा वृद्धाच्या निवृत्तिवेतनातून लुबाडलेला असतो व अल्पावधीत अनेक खात्यांतून फिरविला जातो. अशा खात्यास इंग्रजीत 'म्यूल', म्हणजे खेचर, म्हणतात. पाठीवरचे ओझे कोणाचे, हे खेचरास कोठे ठाऊक असते? पोलीस मात्र खात्यावर ज्याचे नाव त्याच्याच दारी येतात. खाते गोठविले जाते आणि त्यात फीचे पैसे असल्यास तेही अडकतात.

आपल्यातीलच एका कुटुंबावर असा प्रसंग आला. नावाचे प्रयोजन नाही. वार्ता ज्ञातीत पसरली तर थोरल्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडेल, या धास्तीने घरच्यांनी तीन आठवडे कोणासही कळू दिले नाही. पालकहो, हे मौन फार महाग पडते. स्वतःचे पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास पुढच्या बँकेत ते रोखले जाण्याचा संभव असतो. घटका जाईल तसा तो कमी होतो. खाते दुसऱ्यास वापरू दिले असेल तर बँकेस लेखी कळवून आपण होऊन पोलिसांकडे जावे. मुलाने फोन केला की प्रथम त्याचे ऐकून घ्या. रागवावयास पुढे पुष्कळ दिवस आहेत. आणि त्या घरी सोयरीक करू इच्छिणाऱ्यांनीही थोडा विवेक ठेवावा, ही माझी विनंती आहे.

विद्यार्थिमित्रांनो, मित्रास नकार देताना जीभ अडखळली तर खुशाल सांगा, "माझे खाते वडील रोज पाहतात." एवढ्या असत्यास एका जुन्या शिक्षकाची अनुज्ञा आहे.