गेलेला आणि आलेला
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. चिटणीसबाईंच्या आग्रहामुळे उभी आहे. बोलणार आहे एकदोन शब्दांविषयीच.

माझा भाचा तीन वर्षे आफ्रिकेत, अंगोलाच्या राजधानीत लुआंडाला नोकरीस होता. आपला गोवा १९६१ साली ज्या पोर्तुगालच्या हातून सुटला, त्याच्याच हातून अंगोला १९७५ साली स्वतंत्र झाला. त्या सुमारास आफ्रिकेतल्या वसाहतींतून सुमारे पाच लाख माणसे पोर्तुगालला गेली. तिथे त्यांना 'रेतोर्नादुश', म्हणजे 'परतलेले', हे नाव पडले. त्यांतल्या कित्येकांचा जन्मच आफ्रिकेतला. जो देश कधी पाहिला नाही, तिथे परतायचे कसे? पण नाव चिकटले, आणि ते काही मायेने घेतले जात नसे.

पुढे काळ फिरला. मंदीत सापडलेल्या पोर्तुगालला २०११ साली ७,८०० कोटी युरोंचे साहाय्य मागावे लागले. त्याच डिसेंबरात पंतप्रधान पासूश कोएल्यो यांनी बेकार शिक्षकांना ब्राझील-अंगोलाकडे पाहण्यास सुचविले. हजारो पोर्तुगीज पोटासाठी जुन्या वसाहतीत गेले. भाचा सांगतो, लुआंडात त्यांना सारे 'एक्सपॅट' म्हणत. अंगोलाचा मजूर लिस्बनला गेला, की तो मात्र 'इमिग्रंट'! एक्सपॅट म्हणजे मायदेशाबाहेर राहणारा, एवढाच मूळ अर्थ. तो दोघांनाही लागू पडतो. पण एका शब्दाने बंगला-मोटार डोळ्यांपुढे येते, दुसऱ्याने रांग आणि कागदपत्रे.

मी भाच्याला विचारले, "मग तू कोण रे?" तो हसून म्हणाला, "मावशी, कचेरीत एक्सपॅट, विमानतळावरच्या रांगेत इमिग्रंट."

मीही हसले. पण दुसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे पाहून शेजारणीला म्हणाले, "किती लोंढे येताहेत बाहेरून!" आणि माझी मीच चपापले. लोंढा पुराचा असतो. पुराला नाव-गाव नसते, वाट पाहणारी आई नसते. त्याला फक्त बांध घालायचा असतो. माझा भाचा 'परदेशी गेला' आणि हा 'लोंढ्यातून आला'! दोघांनीही घर सोडले ते कामासाठीच. सहा वर्षे हा माझी लुगडी इस्त्री करतो. मी त्याचे नाव विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले. गावही विचारले. बायको-मुले इथेच आहेत, हेही तेव्हा कळले.

भगिनींनो, आपल्या भाषेत 'बिऱ्हाड' असा एक चांगला शब्द आहे. वाड्यात नवे बिऱ्हाड आले, की आपल्या आया विरजण घेऊन जात. तो शब्द आपण पुन्हा वापरू या. येत्या हळदीकुंकवाला त्या बाईंनाही बोलावणे जावे, एवढी माझी सूचना आहे. बोलावणे घेऊन मी स्वतः जाईन.