परदेशातली खरेदी आणि कराचा परतावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सिंगापूरच्या गमतीजमती सांगा, असा चिटणीसबाईंचा आग्रह होता. पण तिथल्या बागा आणि उंच इमारती तुम्ही चित्रांत पाहिल्याच आहेत. त्यापेक्षा पदराला खार लावून मी जे शिकले ते सांगावे, असे मी ठरवले. आपल्यापैकी कित्येकजणी मुलांकडे परदेशी जातात, काही सहलीला निघतात. त्यांना याचा उपयोग होईल. मी काही अर्थशास्त्र शिकलेली नाही. घरखर्चाची वही लिहिणारी बाई जेवढे सांगेल, तेवढेच सांगते.

दुकानात आपण जी किंमत मोजतो तिच्या पोटात कर असतो. आपल्याकडे पूर्वी विक्रीकर होता, 2017 पासून वस्तू व सेवा कर आला. या जातीचा कर 1954 साली फ्रान्समध्ये सुरू झाला. मॉरिस लोरे नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याची ती कल्पना. त्यामागचे तत्त्व असे, की वस्तू जिथे वापरली जाईल तिथे कर भरावा. म्हणून देशाबाहेर जाणाऱ्या मालावर हा कर राहत नाही. प्रवाशाने एखादी वस्तू विकत घेऊन आपल्याबरोबर मायदेशी नेली, तर तीही एक छोटीशी निर्यातच झाली. म्हणून तिच्यावरचा कर त्याला परत मिळतो. ही कोणाची मेहेरबानी नव्हे आणि दुकानदाराने दिलेली सूटही नव्हे.

सिंगापुरात 2024 पासून हा कर शेकडा 9 आहे. योजनेत सामील असलेल्या दुकानात निदान 100 डॉलरची खरेदी हवी. एकाच दुकानाच्या एकाच दिवशीच्या तीन पावत्यांपर्यंत बेरीज चालते. पासपोर्ट खरेदीच्या वेळीच दाखवावा लागतो. हॉटेलचे भाडे आणि तिथेच खाल्लेपिलेले यांवर परतावा नाही. खरेदीपासून दोन महिन्यांच्या आत वस्तू देशाबाहेर गेली पाहिजे. पुलावरून मोटारीने मलेशियात उतरणाऱ्यालाही तो मिळत नाही. आणि हिशेबात एक चूक सगळ्याच करतात. 109 डॉलर दिले तर त्यात कर 9 डॉलरच असतो, आणि त्यातूनही परतावा देणारी कंपनी आपले शुल्क कापून घेते.

आता माझी फजिती ऐका. पहिल्या खेपेला मी एका मोठ्या दुकानातून जावयांना घड्याळ आणि नातवाला बूट घेतले. बिल 218 डॉलर झाले, म्हणजे कर 18 डॉलर. निघायच्या दिवशी सगळे मोठ्या बॅगेत भरले, ती बॅग विमान कंपनीच्या स्वाधीन केली आणि निश्चिंतपणे आत गेले. परताव्याच्या यंत्राने माझा पासपोर्ट वाचला आणि वस्तू तपासणीसाठी दाखवा म्हणून सांगितले. वस्तू होत्या कुठे? त्या विमानाच्या पोटात! तिथल्या बाईंनी अतिशय सौजन्याने नकार दिला. चूक माझीच होती. जी वस्तू मोठ्या बॅगेत जाणार तिची नोंद बॅग देण्याआधी बाहेरच्या यंत्रावर करायची; जी हातात राहणार तिचीच आत गेल्यावर.

पण माझे खरे सांगणे दुसऱ्या खेपेचे आहे. मुलीला शिवणयंत्र घ्यायचे होते, किंमत 545 डॉलर. ती तिथे नोकरी करते, म्हणून तिला परतावा नाही. ती म्हणाली, "आई, तुझा पासपोर्ट दे ना. 45 डॉलर वाचतील." आपल्या पैशात अडीच हजारांहून अधिक! सगळेच असे करतात, असेही ती म्हणाली. मी पर्स उघडली, पासपोर्ट बाहेर काढला. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या सात वर्षांच्या नातीने विचारले, "आजी, पण यंत्र तर आपल्याच घरी राहणार ना?"

भगिनींनो, पासपोर्ट मी पुन्हा पर्समध्ये ठेवला. वस्तू देशाबाहेर नेते असे लिहून द्यायचे आणि ती मुलीच्या घरी ठेवायची, हे खोटे निवेदन झाले. तिथल्या कायद्याने तो गुन्हा आहे. पण खरे सांगते, त्या क्षणी मला कायद्यापेक्षा त्या पोरीच्या डोळ्यांची अधिक भीती वाटली. मुलगी घरी येईपर्यंत गप्प होती. रात्री जेवताना मात्र तिनेच मुलांना तो कर कशासाठी असतो हे समजावून सांगितले. 45 डॉलर त्या मानाने महाग पडले नाहीत.

युरोपच्या सहलीला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथे युरोपीय संघाचे शेवटचे ठिकाण सोडताना सीमाशुल्काची मंजुरी घ्यावी लागते. मधल्या देशात नव्हे. फ्रान्समध्ये एका दुकानात 100 युरोंहून अधिक खरेदी हवी. इंग्लंडमधल्या दुकानातून वस्तू स्वतःबरोबर आणण्यावरचा परतावा 2021 च्या जानेवारीपासून बंद झाला आहे; तिथे दुकानदाराने माल थेट परदेशी पाठवला तरच कर वगळतात. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून विमानतळावर तास-दीड तास आधी जा, आणि पावत्या व वस्तू हाताशी ठेवा. तिकडे कर परत मिळाला म्हणून आपल्याकडचे सीमाशुल्क माफ होते असे मात्र समजू नका. मर्यादेबाहेरचा माल इथे उतरल्यावर सांगावाच लागतो.

शेवटी एवढेच, की परतावा मिळतो म्हणून नको ती वस्तू घेऊ नये. हवी ती घेतली तर हक्काचा पैसा सोडू नये, आणि हक्काचा नसेल त्याला हात लावू नये. घरखर्चाच्या वहीत आपण हेच तर करत आलो आहोत.