काम नसतानाचं बाहेर पडणं

(नांदेड येथे नांदेड-लातूरच्या तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रांनो, बहिणींनो, मला 'शहर आणि आपण' असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे, म्हणून मी त्यातला एक छोटा तुकडा घेतो: फिरायला जाणं. लग्नाला, दवाखान्यात, क्लासला किंवा ईदच्या खरेदीला जाणं यात धरू नका. नुसतं फिरायला जाणं.

आधी एक प्रश्न. गेल्या महिन्यात काहीही काम नसताना कोण कोण घराबाहेर पडलं? हात वर करा. मुलांचे जवळपास सगळे हात वर आहेत. चौक आहे, चहाचं हॉटेल आहे, मित्राची गाडी आहे. मुलींमध्ये मला तीन-चार हात दिसतायत. आता मुलांनाच विचारतो. तुमची अम्मी शेवटची कधी गेली होती? कुणालाच आठवत नाही. मला आज याच गोष्टीवर बोलायचं आहे.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर?' नावाचं पुस्तक 2011 मध्ये आलं. ते मुंबईतल्या बायकांच्या फिरण्याबद्दल आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बाईला रस्त्यावर दिसायचं असेल तर काहीतरी कारण दाखवावं लागतं. हातात पिशवी, कडेवर पोर, कानाला फोन, नाहीतर पायात घाई. कारण नसताना उभी राहिली की लोक बघतात. मुंबईत ही गोष्ट असेल तर इतवाऱ्यात, देगलूर नाक्यावर काय असेल, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. आपल्याकडे तर कारण असलं तरी मगरिबच्या आत घरी यावं लागतं.

नांदेड आता लहान गाव राहिलेलं नाही. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाख होती, लातूरची पावणेचार लाखांच्या वर. शहरं वाढली, पण आपल्यातल्या अनेकांचं शहर मोहल्ल्याएवढंच राहिलं. हैदराबादला जाऊन चारमिनारसमोर फोटो काढलेली मुलं इथे बसली आहेत. त्यातल्या किती जणांनी आपला नंदगिरी किल्ला आतून पाहिला आहे? तिन्ही बाजूंनी गोदावरी आहे त्याच्या. तिकडे जायला रेल्वे लागत नाही, रिक्षा पुरते.

सचखंड गुरुद्वारा घ्या. गुरु गोविंदसिंहजी 1708 मध्ये बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर नांदेडला आले आणि इथेच त्यांचं निधन झालं. महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात आजची इमारत बांधून घेतली. पंजाबातून लोक रेल्वेनं लांबचा प्रवास करून इथे येतात. डोकं झाकायचं, पाय धुवायचे, आत जायचं. लंगरमध्ये शेजारी कोण बसलाय हे कुणी विचारत नाही. आपल्या आया-बहिणींचं डोकं तर आधीच झाकलेलं असतं! नांदेडमधल्या ज्या थोड्या जागी आपल्या घरातल्या बायका बिनधास्त बसतात, त्यात ही एक आहे. असं का होतं, याचा विचार करा. तिथे दिवे आहेत, स्वच्छ शौचालय आहे, पाणी आहे, बसायला जागा आहे, आणि हाकलणारं कुणी नाही. या पाच गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील.

लातूरकरांसाठी गंजगोलाई. तिचा आराखडा फैयाजुद्दीन या नगररचनाकारानं केला, मधली दुमजली इमारत 1945 ची. इमारतीच्या मध्ये अंबाबाईचं मंदिर, आणि गोलाईला येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्यावर सोनं, एकावर चपला, एकावर मिरची आणि गूळ. कुणी म्हणालं की या शहरात तुमचं काय आहे, तर भांडू नका. त्याला गंजगोलाईत घेऊन जा, चहा पाजा आणि नकाशा कुणी काढला ते सांगा.

लातूरच्या मुलींचं एक वेगळं आहे. 'लातूर पॅटर्न'साठी सगळ्या मराठवाड्यातून मुली येतात, त्यात आपल्या घरातल्याही असतात. अब्बांनी जमिनीचा तुकडा विकून नाहीतर मामूकडून उसने घेऊन पाठवलेल्या. खोली, क्लास, मेस, खोली. दोन वर्षं लातुरात राहून लातूर न पाहता त्या परत जातात. रविवारी दुपारी पेपर संपल्यावर दोन तास मोकळे असतात. त्या दोन तासांत कुठे बसायचं? खोलीत फोन बघत पडायचं, एवढंच उत्तर आपण त्यांना दिलं आहे.

आता कायद्याकडे येतो. राज्यघटनेचं कलम 15 आपण भेदभावासंबंधी ऐकलेलं असतं. त्याचा दुसरा भाग घरी जाऊन वाचा. धर्म, जात, लिंग यावरून कोणत्याही नागरिकाला दुकान, हॉटेल, करमणुकीची जागा इथे अडवता येणार नाही. सरकारी पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापरापासूनही अडवता येणार नाही. घाट हा शब्द घटनेत आहे. आपला गोवर्धन घाट, नगीना घाट त्यात आला. हे शब्द सहज आलेले नाहीत. त्यामागे 20 मार्च 1927 चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाबासाहेब परत महाडला आले, तेव्हा परिषदेला जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थानं दिली. सार्वजनिक जागेच्या हक्काच्या लढ्यात आपला हा एवढा वाटा आहे. तो पुढे न्यायचा आहे.

मग आपल्या मोहल्ल्यात बाग का नाही? 'महापालिका भेदभाव करते' एवढं म्हणून आपण थांबतो. भेदभाव असेल तिथे बोललंच पाहिजे. पण एक कारण जमिनीच्या कागदातही आहे. रीतसर ले-आउट मंजूर होतो तेव्हा एक एकराच्या आसपास किंवा मोठ्या जागेत दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. आपल्या अनेक वस्त्या गुंठेवारीतून उभ्या राहिल्या. शेतमालकानं गुंठा-गुंठा तुकडे पाडून विकले, आपल्या अब्बांनी आयुष्याची कमाई घालून घेतले. त्यात ना रस्ता धड सुटला ना मैदान. 2001 च्या गुंठेवारी कायद्यानं अशी घरं नियमित करून घेता येतात, पण न सुटलेलं मैदान त्यानं परत येत नाही.

म्हणून विकास आराखडा महत्त्वाचा. 1966 च्या नगररचना कायद्याखाली प्रत्येक शहराचा असा आराखडा असतो. त्यात बाग, मैदान, शाळा, वाचनालय यांसाठी जागा राखून ठेवतात. पण आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही काही झालं नाही तर आरक्षण रद्द होतं आणि तिथे इमारत उभी राहते. बाग अशी कागदावरच संपते, आणि आपल्याला ती होती हेही कळत नाही.

मी पुण्यात नोकरी करतो. तिथे भाड्यानं घर शोधताना नाव सांगितलं की समोरचा फोन ठेवायचा. असं एकदा नाही, अनेकदा झालं. तुमच्यातले जे बाहेर जातील त्यांनाही हे भेटेल, तयारीत राहा. पण त्याच शहरात सारसबागेच्या दारात मला कुणी नाव विचारलं नाही. बुरख्यातल्या बायका, नऊवारीतल्या आजी, भेळ खाणारी कॉलेजची पोरं, सगळे एकाच हिरवळीवर. घर खासगी मालकाच्या मर्जीवर मिळतं. बाग मिळते ती मी नागरिक आहे म्हणून. शेजारी राहायला नाही म्हणणाऱ्या माणसाची मुलं माझ्या मुलांबरोबर घसरगुंडीच्या एकाच रांगेत उभी राहतात. आपली ओळख होण्याची जी थोडी ठिकाणं उरली आहेत, त्यातलं हे एक आहे. आपण तिथे गेलोच नाही, तर त्या मुलांना आपण फक्त टीव्हीवर दिसणार.

दोन हरकती नेहमी येतात. पहिली: बायकांनी असं फिरणं दीनमध्ये बसतं का? हबशी लोक ईदच्या दिवशी मशिदीत भाल्यांचे खेळ करत होते, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत आयशांना तो खेळ त्यांचं मन भरेपर्यंत पाहू दिला. प्रवासात दोघांनी धावण्याची शर्यत लावली, हेही हदीसमध्ये आहे. जमिनीवर फिरा आणि पाहा, असं कुरआन पुन्हा पुन्हा सांगतं. मी आलिम नाही, पण एवढं आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं आहे.

दुसरी हरकत जास्त खरी आहे: भीती. मुलीला कुणी छेडलं तर? मुलगा-मुलगी दिसले आणि कुणी नाव विचारून धिंगाणा केला तर? ही भीती खोटी नाही. अशी टोळकी बाहेरची असतात तशी आपल्यातलीही असतात, बुरख्यातल्या मुलीचा फोन हिसकावून बघणारी. दोघांनाही तो अधिकार नाही. पण ओसाड जागा कधीच सुरक्षित नसते. दहा कुटुंबं बसलेली असली की अकरावं निर्धास्त येतं.

आता कामाचं. मी सॉफ्टवेअरवाला आहे, प्रश्न तुकड्यांत मांडायची सवय आहे. तीन कामं सुचवतो.

पहिलं, आपल्या प्रभागाचा नकाशा करा. ओपनस्ट्रीटमॅप हा कुणालाही भरता येणारा मोफत नकाशा आहे. चार जण, दोन रविवार, एक फोन. प्रत्येक मोकळी जागा टिपा आणि मघाच्या पाच गोष्टी तपासा: दिवे, शौचालय, पाणी, बसायला जागा, हाकलणारं कुणी आहे का. मुलांनी एकट्यानं करू नका. शौचालय नसल्यामुळे अम्मी दोन तासांत का परत येते, हे मुलींना माहीत असतं.

दुसरं, कागद मागवा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझ्या प्रभागात आराखड्यात बाग आणि मैदानाची कोणती आरक्षणं आहेत, किती ताब्यात घेतली, त्यांच्यावर किती खर्च केला, एवढंच विचारा. तीन लाखांवरच्या शहरात प्रभाग समिती असावी असं घटनाच सांगते. उत्तर घेऊन तिथे जा. नुसती घोषणा घेऊन गेलात तर चहा मिळेल, कागद घेऊन गेलात तर उत्तर द्यावं लागेल.

तिसरं काम सगळ्यांत सोपं आणि आपल्याला सगळ्यांत जड. महिन्यातून एक संध्याकाळ घरातल्या बाईला घेऊन बाहेर पडा. विष्णुपुरीचं धरण, कंधारचा किल्ला, औशाचा किल्ला, नाहीतर जवळचा घाट. डब्यात घरचंच न्या. आणि बहिणींनो, भाऊ मोकळा होईल याची वाट बघू नका. चार मैत्रिणी मिळून जा.

येत्या रविवारी असरनंतर आम्ही काही जण नंदगिरी किल्ल्यावर जमणार आहोत. नकाशाची सुरुवात तिथूनच करू. येताना पाण्याची बाटली आणा, आणि शक्य असेल तर अम्मीला.