तेल काळं झालं म्हणजे काय झालं?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मृगाचा पाऊस पडतो, वापसा येतो आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टर अंग टाकतो. मिस्तरी म्हणतो, "रिंगा गेल्या, लायनर झिजलं, बोअरचं काम निघालं." कोरडवाहू माणसाची पेरणीही जाते आणि पैसाही. पण हे काम एका दिवसात निघत नाही. इंजिन वर्षभर सांगत असतं, आपण ऐकत नाही.

सिलिंडरमध्ये डिझेल पेटलं की जळक्या वायूचा दाब पिस्टनला ढकलतो. रिंगा तो दाब अडवतात. तरी थोडा वायू फटीतून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातही. त्याच्याबरोबर काजळी, पाण्याची वाफ, न जळालेलं डिझेल आणि आम्ल तेलात येतं. काजळीनं तेल दाट होतं, डिझेलनं पातळ होतं. आम्ल बेअरिंग खातं. १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं गंधक १० लाख भागांत १० भागांवर आलं, त्यामुळे आम्ल कमी झालं. काजळी मात्र आहेच.

तेल बिघडलं की रिंगा झिजतात, फट वाढते, वायू जास्त उतरतो आणि तेल आणखी बिघडतं. त्यात ज्वारीच्या मळणीची धूळ. तिच्यातली वाळू लायनरच्या लोखंडापेक्षा कठीण असते. एअर क्लीनर चोंदला किंवा त्याच्या नळीची पट्टी ढिली राहिली, की झीज झपाट्यानं होते.

मग ओळखायचं कसं? डिझेल इंजिनाचं तेल काळं होणारच. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. म्हणून रंगावर जाऊ नका, चाललेले तास मोजा. इंजिन तापल्यावर ब्रीदरची नळी पाहा. थोडा वाफारा चालेल, भकाभका धूर येत असेल तर रिंगा तपासून घ्या. ब्रीदर चोंदलं तर आत दाब वाढून सीलमधून तेल गळतं. सकाळी काडी काढून पाहा. न ओतता पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला, तर तेल पातळ झालं. पांढुरकं दिसलं, तर पाणी शिरलं. अशा तेलावर इंजिन चालवू नका.

वरून लिटरभर ओतून भागत नाही, घाण आतच राहते. पुस्तकात दिलेल्या तासांना, इंजिन गरम असताना सगळं तेल काढा. फिल्टरही बदला आणि तारीख वहीत लिहा.

कापसाचा भाव आपल्या हातात नाही, पाऊसही नाही. तेल बदलायची तारीख मात्र आपल्या हातात आहे.