जावयाचा व्हिसा आणि लेकीची नोकरी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



सचिवांनी मला ‘परदेशातील आपली मुले’ असा विषय दिला होता. त्यावर गोड गोड बोलता आलं असतं. २००० साली सोसायटी झाली तेव्हा खाली पार्किंगमध्ये सायकल शिकणारी पोरं आज कुठे कुठे पोचली, हे सगळ्यांना माहीत आहेच. मी एकच गोष्ट बोलणार आहे. जावयाला तिकडे नोकरीचा व्हिसा मिळतो, पण त्याच्यामागे गेलेल्या आपल्या लेकीला तिथे काम करता येतं का? हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता.

डिसेंबर २०१२ मध्ये लेकीचं लग्न झालं. ती इंजिनिअर, पुण्यात तीन वर्षं नोकरी केलेली. स्थळ आलं तेव्हा आम्ही काय पाहिलं? पगार, घराणं, मुलाला काही व्यसन नाही ना. पत्रिका जुळवली, सव्वीस गुण जुळले. तिचा व्हिसा ‘एच-४’ असेल असं ते म्हणाले, आम्ही ‘बरं’ म्हटलं. आमचे हे आयुष्यभर सरकारी कचेरीत फायली वाचणारे, पण त्यांनीही विचारलं नाही.

एच-१बी हा अमेरिकेचा तात्पुरत्या कामाचा व्हिसा, १९९० च्या कायद्यातला. त्यावर गेलेल्याची बायको (किंवा नवरा) आणि एकवीस वर्षांखालची मुलं एच-४ वर जातात. एच-४ वर राहता येतं, कॉलेजात शिकता येतं, पण पगार घेता येत नाही. आमची लेक न्यू जर्सीत पोचली आणि फोनवर मी विचारायची, “काय करून राहिली?” ती म्हणायची, “काही नाही आई, पोळ्या.” पहिले सहा महिने आम्ही हसलो. मग ती हसेनाशी झाली. जावयांनी कधी खर्चाचा हिशेब मागितला नाही, माणूस भला आहे. पण तिला तो स्वतःहून द्यावासा वाटायचा. ते मला फार लागलं.

२४ फेब्रुवारी २०१५ ला तिकडच्या सरकारनं नियम जाहीर केला आणि २६ मेपासून एच-४ वाल्यांचे कामाच्या परवान्याचे अर्ज घ्यायला सुरुवात झाली. या परवान्याच्या कार्डाला सगळे ‘ईएडी’ म्हणतात, अर्जाचा नंबर आय-७६५. सरकारचाच अंदाज होता की पहिल्या वर्षी १,७९,६०० जोडीदार पात्र ठरतील. मी शेजारी पेढे वाटले, आणि तिसऱ्या दिवशी लेकीनं सांगितलं की ती पात्रच नाही. अट अशी की नवऱ्याच्या कंपनीनं ग्रीन कार्डासाठी भरलेला आय-१४० अर्ज मंजूर झालेला हवा, किंवा एच-१बी ची सहा वर्षं संपून २००० च्या कायद्याखाली मुदत पुढे वाढलेली हवी. जावयांच्या कंपनीनं फाईलच सुरू केली नव्हती. म्हणजे आपल्या पोरीच्या नोकरीची किल्ली नवऱ्याकडेही नाही, त्याच्या कंपनीच्या टेबलावर! ज्यांच्या घरी आता बोलणी चालू असतील त्यांनी पगारासोबत हेही विचारावं, कंपनी ग्रीन कार्डाची फाईल केव्हा सुरू करते. विचारायला लाजू नका. आम्ही लाजलो नव्हतो, आम्हाला सुचलंच नव्हतं.

आय-१४० मंजूर झाला २०१७ मध्ये. चारशे दहा डॉलर फी भरली, चार महिन्यांनी कार्ड आलं. पाच वर्षांनी तिला पहिला पगार मिळाला, पुण्यातल्या तिच्या ज्युनिअरच्या हाताखाली. पण ती खूश होती. पहिल्या पगारातून तिनं मला घड्याळ पाठवलं, ते आज घालून आले आहे.

तुम्ही म्हणाल, ग्रीन कार्डच घ्या ना मग. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाला त्यातली सात टक्क्यांच्या आसपास. आपल्या देशाची रांग किती लांब असेल ते तुम्हीच ओळखा. त्या रांगेतल्या बायका ईएडीवर जगतात. २०१७ च्या डिसेंबरपर्यंत ९०,९४६ जणांना पहिल्यांदा हे कार्ड मिळालं होतं, त्यात दहातल्या नऊपेक्षा जास्त आपल्याच देशातल्या.

आणि कार्ड मिळालं म्हणजे संपलं असं नाही. ते दर दोन-तीन वर्षांनी नवं करावं लागतं. २०२१ मध्ये करोनाच्या काळात बोटांच्या ठशांची तारीखच मिळेना. जुनं कार्ड संपलं, नवं आलं नाही, आणि कंपनीला तिला घरी बसवावं लागलं. पाच महिने! काम होतं, साहेब चांगला होता, फक्त प्लॅस्टिकचा एक तुकडा नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात ठशांची अट स्थगित झाली, नोव्हेंबरमध्ये कोर्टातल्या तडजोडीनं काही जणींना मुदत आपोआप वाढवून मिळू लागली. आता ३० ऑक्टोबर २०२५ पासून नव्या अर्जांना ती आपोआप वाढ बंद झाली आहे. म्हणून कार्ड संपायच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो, तो पहिल्याच आठवड्यात टाकायचा. लेकीचं कार्ड मेमध्ये संपतं. अर्ज नोव्हेंबरमध्ये गेला आहे, पावती आली आहे, कार्ड अजून नाही. मी रोज विचारत नाही. एक दिवसाआड विचारते.

मधल्या काळात हा नियमच काढून टाकायचं घाटत होतं. डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केलं, जानेवारी २०२१ मध्ये ते मागे घेतलं. नोकऱ्या गेलेल्या तिकडच्या आयटीवाल्यांनी २०१५ मध्येच खटला भरला होता. तो ऑक्टोबर २०२५ मध्ये तिकडच्या सुप्रीम कोर्टानं ऐकायला नकार दिला, तेव्हा कुठे मिटला. त्या लोकांवर मला राग नाही, त्यांचंही पोट आहे. पण दहा वर्षं आमच्या घरात बातम्या लावायच्या आधी देवाला दिवा लागायचा.

आता कागदांचं. ही चूक आमची, म्हणून मोकळेपणानं सांगते. आपल्याकडे १९९८ च्या कायद्यानं लग्नाची नोंद ९० दिवसांत करायची असते, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. आम्ही घाईत झोन कार्यालयात गेलो, गुरुजींना दुसऱ्या लग्नाच्या मांडवातून उठवून सही घेतली, आणि दाखल्यात आडनावाच्या स्पेलिंगला ‘डब्ल्यू’च्या जागी ‘व्ही’ पडला. कोणी वाचलाच नाही! पासपोर्टावर ‘डब्ल्यू’, दाखल्यावर ‘व्ही’. तो दुरुस्त करायला मी तीन खेपा घातल्या. वरून तांदळात नवं नाव लिहायची आपली हौस. ताटात लिहा, हौस करा, पण कागदावर डिग्री आणि पासपोर्टावरचंच नाव राहू द्या. किंवा बदलायचंच तर गॅझेटपासून पासपोर्टापर्यंत सगळीकडे एकदम बदला. अर्धवट बदल सगळ्यांत वाईट.

प्रत्येक देशाचं वेगळं आहे. अमेरिकेतच कंपनीच्या बदलीवर एल-१ ने गेलेल्याच्या जोडीदाराला आता वेगळं कार्ड लागत नाही. जर्मनीत जोडीदाराला सरळ काम करता येतं. कॅनडात ‘ओपन वर्क परमिट’ मिळतं, कोणत्याही मालकाकडे चालणारं, फी २५५ कॅनडियन डॉलर, ठसे वेगळे. पण २१ जानेवारी २०२५ पासून तेही आवळलं आहे. नवऱ्याचं काम वरच्या श्रेणीतलं किंवा ठरावीक टंचाईच्या कामांपैकी हवं, आणि अर्जाच्या दिवशी त्याच्या परमिटचे निदान १६ महिने शिल्लक हवेत. आपल्याच बी विंगमधल्या एका सूनबाईंना हे तिकीट काढल्यावर कळलं. एजंटनं सांगितलं नव्हतं. एजंटला विचारा, पण त्या देशाच्या सरकारच्या पानावर स्वतः वाचा. इंग्रजी जमत नसेल तर नातवाला बसवा.

मी ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर असते. कोणाचा लग्नाचा दाखला असेल तर पासपोर्टासोबत घेऊन या, एकेक अक्षर लावून पाहू. चष्मा आणायला विसरू नका. माझा लेकीकडेच राहिला आहे.