तेलात न मिसळणारी पूड

ऑइल पेंटला पांढरेपणा देते टायटॅनियम डायऑक्साइडची पूड. ती नुसत्या टर्पेंटाइनमध्ये घालून ढवळली, तर गुठळ्या होतात आणि तळाशी गाळ बसतो.

या कणांच्या पृष्ठभागाला पाणी मानवतं, तेल नाही. जेमतेम पाव मायक्रॉनचे हे कण जवळ आले की एकमेकांना चिकटतात. पाण्यात विद्युतभार त्यांना लांब ठेवू शकतो, कारण पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विरुद्ध भारांमधली ओढ कमी करण्याची क्षमता, ८०च्या आसपास असतो. तेलाचा असतो फक्त २. तिथे आयन सुटे राहणंच कठीण.

अशा वेळी उपयोगी पडतं सोयाबीनमधून मिळणारं लेसिथिन, म्हणजे एक सर्फॅक्टंट. त्याच्या रेणूचं डोकं कणाला धरून बसतं आणि दोन लांब शेपट्या तेलात पसरतात. या शेपट्यांच्या थरामुळे कण एकमेकांना भिडत नाहीत. गुठळ्या आधी यंत्रात दळून फोडाव्या लागतातच. लेसिथिन त्या पुन्हा जुळू देत नाही. मात्र ते जास्त पडलं, तर रंगाचा थर कच्चा राहतो.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो ई-रीडरचा पडदा. त्यातल्या केसाएवढ्या बारीक कुप्यांमध्ये तेलात काळे-पांढरे कण तरंगतात. इथे सर्फॅक्टंट कण सुटे ठेवतातच, शिवाय तेलात रेणूंचे पुंजके करून थोडा विद्युतभारही सांभाळतात. व्होल्टेज दिलं की पांढरे कण एका बाजूला सरकतात, काळे दुसऱ्या. अशी शाई एमआयटीच्या संशोधकांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. एकदा उमटलेलं अक्षर टिकवायला तिला वीज लागत नाही.