साथीचा रोग आणि घरभाड्याची वही

(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



अशा मंगल प्रसंगीं साथीच्या रोगाची गोष्ट काढणें कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु २०२० सालच्या साथीनें या धर्मग्रामांतील किती चुली थंड केल्या, हें ज्यांनीं पाहिलें तेच आज आम्हांपुढें बसले आहेत. मृतांचें स्मरण सकाळच्या मिस्सांत झालें. आतां जिवंतांच्या हिशोबाविषयीं थोडें बोलूं.

१८९६ सालच्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत गांठीचा रोग प्रथम ओळखला तो डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनीं. ते गोव्याचे, आपल्याच धर्माचे. पुढील कांहीं महिन्यांत आठ लाखांवर वस्ती असलेल्या त्या शहरांतून जवळजवळ निम्मे लोक पळाले. गिरण्या मात्र चालू होत्या, आणि तेथें एक चमत्कारिक प्रकार घडला. एरव्हीं गिरणीवाले मजुराचा पगार कित्येक आठवडे मागें ठेवीत, म्हणजे त्यास काम सोडून जातां येत नसे. आतां मजूर मिळेनासा झाला, तेव्हां तेच मालक रोजच्या रोज पैसे मोजूं लागले व नाक्यानाक्यावर चढाओढ करून माणसें नेऊं लागले. भीति ओसरली तशी ही उदारताहि ओसरली.

घरांची कथा याहून कष्टी. उजेड व वारा यावा म्हणून अधिकाऱ्यांनीं चाळींचीं कौलें उतरविलीं. राहण्यास अयोग्य अशी खूण कित्येक घरांवर केली. १८९८ सालीं कायद्यानें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. परंतु त्यांसाठीं ज्यांच्या खोल्या पाडल्या, त्यांस तितक्या नव्या खोल्या वेळेवर मिळाल्या नाहींत. ते शेजारच्या चाळींत कोंबले गेले. साथीच्या काळचे क्रूस वांद्र्यास अद्याप उभे आहेत; बेघर झालेल्यांची आठवण सांगणारा दगड आमच्या पाहण्यांत नाहीं.

२४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून कामें एकदम बंद झालीं. या वेळीं मजुरांचा तुटवडा नव्हता, कामाचाच होता. म्हणून ती जुनी चढाओढ कोणाच्या वांट्यास आली नाहीं. बोटीवरील नोकर, रिक्षावाले, बँडवाले, लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्या बाया, सर्व घरीं बसले. घरभाडें मात्र दर महिन्यास उभेंच. एप्रिलांत राज्य सरकारनें घरमालकांस भाडेवसुली निदान तीन महिने पुढें ढकलावी, व भाडें थकलें म्हणून कोणास बाहेर काढूं नये, असें सांगितलें. रिझर्व्ह बँकेनें कर्जाचे हप्ते लांबविण्याची मुभा प्रथम तीन महिने व मग आणखी तीन महिने दिली. दोन्ही गोष्टी चांगल्याच. परंतु लांबविलेलें देणें म्हणजे सुटलेलें देणें नव्हे. व्याज त्या सहा महिन्यांतहि चढतच होतें, आणि भाड्याची बाकी वहींत सांचत होती.

त्या वह्या आपल्यापैकीं कित्येकांच्या कपाटांत आहेत. वाडीच्या कडेस खोल्या बांधून आपण त्या परमुलखाच्या मजुरांस दिल्या. कोणी तीन महिन्यांचें भाडें साफ सोडलें, वर तांदूळहि दिले. त्यांचीं नांवें आम्ही घेत नाहीं, त्यांस तें आवडणार नाहीं. जिचें पोटच दोन खोल्यांच्या भाड्यावर, त्या विधवेनें भाडें मागितलें, तिलाहि आम्ही दोष देत नाहीं. परंतु कुटुंब मुलुखाकडे पायीं निघालें असतां ज्यांनीं अनामत रक्कम अडकवून ठेविली, भांडींहि ठेवून घेतलीं, त्यांच्याशीं आमचें बोलणें आहे. भाडें बुडालें त्याहून अनामत मोठी होती, हें त्यांस ठाऊक आहे.

येत्या शनिवारीं संध्याकाळीं आम्ही चर्चच्या ऑफिसांत बसणार आहों. ज्यांस हा हिशोब मिटवावयाचा असेल त्यांनीं वही घेऊन यावें. भाडेकरूचा ठावठिकाणा सांपडत नसेल, तर त्याच्या गांवाकडील धर्मगुरूंस पत्र लिहून आम्ही शोध करूं.